गाडी नेमकी केव्हा तापते? जड डिझेल ट्रकच्या गरम होण्याचं कारण शोधताना

दहाचाकी ट्रक होता. मुंबईकडून स्क्रॅप भरायचा आणि कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत खाली करायचा. बोरघाटात काटा लालच्या दारात, खंबाटकीच्या चढाला थेट लालमध्ये. सपाटीला मात्र काही तक्रार नाही. माझ्याकडे येईपर्यंत मालकांनी रेडिएटर नवा टाकला होता, वॉटर पंप बदलला होता, एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी व्हॉल्व्ह) काढून फेकला होता आणि दुसऱ्यानं हेड उतरवून गॅसकेटही बदललं होतं. गाडी तरी तापतच होती.

मी बॉनेटला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला चहा पाजला आणि विचारलं, "गरम व्हायला लागल्यापासून गाडीत दुसरा काही फरक जाणवला का?"

"नाही मिस्त्री. उलट गाडी शांत झालीय. आधी घाटात नुसती बोंबलायची."

उत्तर त्या वाक्यात होतं. ते कसं, ते पुढे येईलच. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा ट्रेड करून नुकत्याच गॅरेजला लागलेल्या पोरांना आणि पहिला ट्रक घेतलेल्या चालक-मालकांना मी एकच सांगत असतो. गाडी तापते म्हटल्यावर पान्हा शोधू नका, आधी ती केव्हा तापते ते शोधा.

सगळ्यात आधी: झाकणाला हात नाही

तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं किंवा एक्सपान्शन टाकीचं झाकण उघडायचं नाही. भांड्यातलं पाणी १०० अंशाला उकळतं, पण कूलिंग सिस्टीम बंद असते आणि आत दाब असतो. झाकणाचा दाब साधारण १ बार असेल तर आतलं साधं पाणी १२० अंशाच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे १०५-११० अंशाचं पाणी आत गप्प बसलेलं असतं. झाकण फिरवलं, दाब गेला, की त्यातलं बरंच पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. वरून ओला फडका टाकला म्हणजे आपण वाचलो, असं समजणाऱ्यांचे हात मी पाहिलेत. वरचा होज पाईप चिमटीत दाबून पाहा. तो मऊ लागला आणि हात टेकवता आला, तरच झाकण अर्धा आटा सैल करायचं, उरलेला दाब सुस्कारा टाकून जाऊ द्यायचा आणि मग काढायचं.

दुसरी गोष्ट फॅनची. चालू इंजिनाच्या फॅनजवळ गळ्यातला टॉवेल, सैल बाही, हात, काहीही न्यायचं नाही. केबिन टिल्ट केली असेल तर तिचा लॉक बसलाय की नाही ते डोळ्यांनी बघा. चाकांना उटी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून अडसर, लावा.

पहिली पायरी: ड्रायव्हरला बोलतं करा

"गाडी गरम होते" हे वाक्य निदानाच्या कामाचं नाही. प्रश्न विचारून त्यातून परिस्थिती बाहेर काढायची असते.

फक्त घाटात, भरलेल्या गाडीला, पंधरा-वीसच्या वेगात तापते आणि सपाटीला ठीक असते? संशय हवेवर. सपाटीला गाडीच्या वेगानं समोरून वारा मिळतो. घाटात तो नसतो, सगळी भिस्त फॅनवर असते.

हायवेवर चांगल्या वेगातही भरलेली गाडी तापते? मग वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर आतून चोक असेल, पाणी कमी फिरत असेल किंवा जाळी पूर्ण बुजलेली असेल.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि दहा मिनिटांत काटा वर? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, पाण्यात हवा अडकलीय, किंवा सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय.

काटा एका जागी राहत नाही, वरखाली नाचतो? पाण्यात हवा आहे, नाहीतर पाणीच कमी आहे.

घाट चढून वर आल्यावर इंजिन बंद केलं की पाणी फेकते? आधी झाकण तपासा आणि ड्रायव्हरची सवयही. तापलेलं इंजिन चटकन बंद केलं की पंप थांबतो, हेडची उष्णता तिथल्या तिथे साठलेल्या पाण्यात जाते आणि ते उकळतं. कधीकधी यात बिघाड असा नसतोच.

उतारावर तापते? गाडीला हायड्रॉलिक रिटार्डर असेल तर ब्रेकिंगची उष्णता त्याच कूलंटमध्ये येते. बाकी गाड्यांना उतारावर तापायचं कारण नसतं.

आणि शेवटचा प्रश्न, जो नव्या पोरांना विचारायचा संकोच वाटतो: याच्या आधी गाडीवर शेवटचं काम काय झालं? रेडिएटर उतरवून पुन्हा बसवताना काउल (फॅनभोवतीचं कडं) फेकून दिलेलं, हवा न काढता पाणी भरलेलं, होज मुरगळून बसवलेला, हे सगळं मी पाहिलंय. तक्रार एखाद्या दुरुस्तीनंतर सुरू झाली असेल तर शोध त्या दुरुस्तीपासून करा, मग ती तुमच्याच उस्तादांनी केलेली का असेना.

दुसरी पायरी: खरंच तापतेय का?

काटा खोटं बोलू शकतो. सेन्सर बिघडतो, वायरचं अर्थिंग जातं, आणि इंजिन थंड असताना काटा लालमध्ये जातो. याच्या उलट प्रकार जास्त घातक असतो. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर हवेत उघडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. ड्रायव्हर म्हणतो, "थंड झाली, चला." तिथून पुढे इंजिन सीझ होईपर्यंत फार वेळ लागत नाही.

म्हणून दोन साक्षीदार घ्या. टेम्परेचर गन आता कुठल्याही गॅरेजला परवडते. थर्मोस्टॅट हाउसिंगजवळ तिनं मोजा. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती कमी आकडा दाखवते, म्हणून तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरा. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर स्कॅनर लावून इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दिसणारं तापमान वाचा. गन आणि स्कॅनर जुळले आणि काटा वेगळा दिसला, तर रोग डॅशबोर्डात आहे.

बहुतेक ट्रकच्या इंजिनांचं काम ८० ते ९५ अंशांत चालतं. घाटात ते १०० ला टेकलं म्हणून घाबरायचं नाही. चढावर वाढून माथ्यावर आल्यावर दोन-चार मिनिटांत खाली येणारं तापमान निरोगी असतं. चढत जाणारं आणि न उतरणारं तापमान आजारी. नेमकी मर्यादा कंपनीच्या पुस्तकात असते, ती बघा. नव्या गाड्यांत ही मर्यादा ओलांडली की इसीयू स्वतःच इंजिनाची ताकद कमी करतो, आणि ड्रायव्हर तक्रार "पिकअप नाही" अशी घेऊन येतो.

तिसरी पायरी: थंड इंजिनावर डोळे, नाक आणि बोटं

हे काम सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा.

पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर ते गेलं कुठे हा प्रश्न सोडू नका. "पाणी खाते" असं ड्रायव्हर म्हणतो, पण पाणी एक तर बाहेर पडतं, नाहीतर इंजिनाच्या आत जातं. बाहेर पडत असेल तर कूलंटचा पांढरट, हिरवट किंवा गुलाबी सुकलेला ओघळ सापडतो. होजच्या क्लिपाखाली, रेडिएटरच्या टाकीच्या जोडाला, वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकाशी बघा. ते भोक कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून गळायला लागलं म्हणजे पंपाचा सील गेला. एका मिस्त्रीनं ते एमसील लावून बुजवलं होतं. गळती "थांबली", आणि पाणी बेअरिंगमध्ये गेलं.

गळती डोळ्यांना दिसत नसेल तर प्रेशर टेस्टर लावा. झाकणावर जितका दाब छापलेला असतो तितकाच पंपानं द्यायचा, जास्त नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं सोडून द्यायचं. दाब उतरला आणि जमीन कोरडी, तर पाणी आत जातंय.

मग पाण्याचा रंग. गंजकट लाल पाणी म्हणजे गाडीत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडे सोलापूर, मराठवाड्याकडची बोअरची पाणी जड असतात. घरच्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. तो थर उष्णता अडवतो. पण नवख्यांना माहीत नसलेलं नुकसान वेगळंच आहे. वेट लाइनरच्या (म्हणजे सिलिंडरच्या ज्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं तिच्या) डिझेल इंजिनात प्रत्येक स्फोटाबरोबर लाइनर थरथरतो. त्या थरथरीनं लाइनरच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना ते धातूचा कण उचलतात. कालांतरानं लाइनरवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात आणि पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं. कूलंटमधली रसायनं धातूवर संरक्षक पापुद्रा धरतात म्हणून हे लांबतं. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" म्हणणाऱ्या मालकांना मी असा टोचलेला जुना लाइनर हातात देतो. तो मी टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय.

कूलंटच्या रंगावर मात्र जाऊ नका. हिरवा अमुक आणि लाल तमुक असा सगळ्या कंपन्यांना बांधलेला नियम नाही. डब्यावरचं वाचा, गाडीच्या पुस्तकाशी जुळवा, दोन जातींची सरमिसळ करू नका.

पाण्यावर तेलाचा तवंग किंवा मलई दिसली तर थांबा. नवीन मिस्त्री लगेच हेड उतरवायला निघतो. पण ऑइल कूलरही फुटलेला असू शकतो. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो, त्यामुळे फुटलेल्या कूलरमधून तेल पाण्यात येतं. बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य होतो, पाण्याचा काही वेळ टिकतो, आणि मग पाणी उलटं तेलात जातं. डिपस्टिकवरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं की इंजिन सुरूच करू नका. ऑइल कूलर काढून दाबाखाली तपासणं हेड उतरवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतं.

आणि हळद. हो, रस्त्यावर रेडिएटर गळला की त्यात हळद टाकायची आपल्या ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती आहे, आणि ती खरंच काम करते. हळद फुगते, भोक बुजवते, गाडी मुक्कामी पोचते. पण ती फक्त भोकच बुजवत नाही, रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवते. मुक्कामी पोचल्यावर सिस्टीम धुऊन काढायची असते, ती कुणी काढत नाही. पाण्याला पिवळट गाळ असेल तर ड्रायव्हरला न रागावता विचारा.

झाकणाचं रबर, स्प्रिंग आणि मधली छोटी व्हॅक्यूमची व्हॉल्व्ह बघा. झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. ती छोटी व्हॉल्व्ह अडकली तर गाडी थंड झाल्यावर होज चपटे झालेले दिसतात. झाकण हा सगळ्या सिस्टीममधला स्वस्त भाग, म्हणूनच बहुधा शेवटी तपासला जातो.

बेल्ट सैल, चकचकीत किंवा तेलकट नाही ना, ऑटो टेन्शनर ताण धरतोय ना, एवढं बघून पुढे चला.

चौथी पायरी: हवा

माझ्या अनुभवात घाटात तापणाऱ्या बहुतेक गाड्यांचा रोग इथेच सापडतो, आणि सगळ्यात कमी खर्चात बरा होतो.

समोरून बॅटरी मारून रेडिएटर स्वच्छ दिसला म्हणून पुढे जाऊ नका. तुम्ही बघताय तो रेडिएटर नाहीच, तो टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर आहे. एसी केबिन असेल तर त्याच्याही पुढे कंडेन्सर. खरा रेडिएटर त्यांच्या मागे असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत सगळा मुलूख साठतो. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांत बगॅस आणि पाचटाचा भुगा. यवतमाळ-अमरावतीच्या जिनिंगवरून येणाऱ्या गाड्यांत कापसाचे तंतू, अक्षरशः गादी भरल्यासारखे. बाजूच्या पट्ट्या काढा, इंटरकूलर पुढे सरकवा आणि मध्ये बघा.

साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं परत जातो. पुढून मारलं तर तो आणखी आत ठासला जातो. सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारू नका, पत्र्याच्या नाजूक पाकळ्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. धुळीत तेल मुरलेलं असेल तर आधी साबणाचं पाणी मारून थोडा वेळ भिजू द्या.

काउल म्हणजे फॅनभोवतीचं कडं. ते तुटलं असेल, नसेल, किंवा रेडिएटरच्या कडेच्या रबरी पट्ट्या गेल्या असतील, तर फॅन नवी हवा ओढायच्या ऐवजी तीच गरम हवा गोल फिरवत बसतो. गाडीच्या नाकासमोर बांधलेले शोभेचे बोर्ड आणि लोखंडी गार्डही मोजणीत धरा. मालकांना ते काढायला सांगणं अवघड जातं, पण सांगा.

आता व्हिस्कस फॅन. बहुतेक मोठ्या ट्रकचा फॅन शाफ्टला घट्ट जोडलेला नसतो. मधल्या कप्लिंगमध्ये घट्ट सिलिकॉन तेल असतं. समोर एक दोन धातूंची पट्टी असते, ती रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची उष्णता ओळखते. हवा तापली की पट्टी वळते, आतली वाट उघडते, तेल पुढे येतं आणि फॅन इंजिनाबरोबर जोरात फिरायला लागतो. तेव्हा जो मोठा घोंघाट येतो तो ऐकून नवखा ड्रायव्हर दचकतो. गार झालं की फॅन सुटतो आणि आवाज बंद. यात डिझेल वाचतं.

आता त्या ड्रायव्हरचं वाक्य आठवा. घाटात बोंबलणारी गाडी शांत झाली, म्हणजे फॅन पकडणंच बंद झालं होतं. कप्लिंगच्या कडेला तेलाचा काळपट ओघळ होता. इंजिन बंद करून हातानं पातं फिरवलं तर सायकलच्या चाकासारखं फिरत राहिलं. नवं कप्लिंग टाकलं, फेकलेल्या थर्मोस्टॅटच्या जागी नवा बसवला. आठवड्यानं ड्रायव्हरचा फोन आला, "मिस्त्री, काटा मधे आहे, पण गाडी परत बोंबलायला लागली. काही बिघडलं का?"

तपासणी अशी करा. इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. थंड असताना पातं हातानं फिरवलं तर सलग, मऊ विरोध जाणवला पाहिजे. एका झटक्यात ते कित्येक वेढे मोकळं फिरलं तर कप्लिंग गेलं. अजिबात हललं नाही तर ते जाम आहे. अशी गाडी तापणार नाही, पण डिझेल जास्त पिईल आणि सदा ओरडेल. पात्याचं टोक पुढेमागे हलवून बेअरिंगची ढिलाई बघा. गरम इंजिन बंद करून पुन्हा फिरवा, विरोध वाढलेला लागला पाहिजे. नव्या बीएस-६ गाड्यांत बऱ्याच ठिकाणी हेच कप्लिंग इसीयूच्या वायरीवर चालतं. तिथे आधी स्कॅनरवरून फॅन लावून बघा, मग सुट्ट्या भागांकडे वळा.

पाचवी पायरी: पाणी फिरतंय का?

गाडी लोडवर चालवून आणा, इंजिन चालू ठेवूनच गननं रेडिएटरच्या वरच्या तोंडाशी आणि खालच्या तोंडाशी मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखं आणि दोन्ही खूप गरम असेल तर पाणी फिरतंय, पण रेडिएटर उष्णता टाकत नाही. परत चौथ्या पायरीवर जा. वर खूप गरम आणि खाली वीस-पंचवीस अंशांनी गार असेल तर पाणी रेंगाळतंय. मग पंप, थर्मोस्टॅट किंवा आतून चोक रेडिएटर. कोअरच्या अंगावर गन फिरवा, मध्येच गार पट्टे लागले तर त्या नळ्या बुजल्यात. जुन्या पितळी रेडिएटरला रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घेता येतं. प्लॅस्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरमध्ये तेवढी सोय नसते.

खालचा होज इंजिनाचा आरपीएम वाढवून बघा. तो ओढीचा पाईप असतो. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो आणि पाणी तोडतो. आयडलिंगला एकदम गुणी दिसतो, म्हणून फसवतो.

थर्मोस्टॅटबद्दल जरा बोलायलाच हवं. "आपला देश गरम, थर्मोस्टॅट काढून टाक" हा सल्ला इतक्या आत्मविश्वासानं दिला जातो की तो खोटा वाटतच नाही. पण बहुतेक ट्रक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. काढून टाकला तर बायपास कायमचा उघडा राहतो. पंपानं ढकललेलं काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात येतं. म्हणजे सपाटीला इंजिन गरजेपेक्षा गार आणि घाटात गरजेपेक्षा गरम. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, तेलात काजळी आणि ओल वाढते, लाइनर लवकर झिजतात.

तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी, त्यात दोरीनं टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. दोघांपैकी कुणी तळाला टेकता कामा नये. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, समजा ८२. त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि साधारण दहा-बारा अंश पुढे पूर्ण उघडला पाहिजे. उशिरा, अर्धवट किंवा वाकडा उघडत असेल तर नवा टाका. बसवताना हवेचं बारीक भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा.

सहावी पायरी: पाण्यात बुडबुडे

पाणी जरा कमी करून, थंड इंजिन सुरू करून टाकीत बघा. सुरुवातीचे काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबत नसतील, आरपीएम वाढवल्यावर वाढत असतील, तर कुठून तरी दाबाखाली गॅस येतोय. सगळे म्हणतात हेड गॅसकेट. बरेचदा तेच असतं. पण ट्रकला आणखी एक संशयित असतो, जो कारला नसतो. तो म्हणजे ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. त्याचं हेड इंजिनाच्याच पाण्यानं गार होतं. त्याला चीर गेली किंवा त्याचं छोटं गॅसकेट गेलं, तर तो ब्रेकची हवा कूलंटमध्ये ढकलतो. लक्षणं हुबेहूब हेड गॅसकेटची.

फरक ओळखा. हवेच्या टाक्या भरू द्या. दाब साधारण ८ बारला गेला की कॉम्प्रेसर भरणं थांबवतो. त्या क्षणी बुडबुडे थांबले आणि ब्रेक दाबून दाब उतरवल्यावर पुन्हा सुरू झाले, तर कॉम्प्रेसर दोषी. खात्रीसाठी कॉम्प्रेसरचा डिलिव्हरी पाईप सोडून थोडा वेळ आयडलिंगवर बघा. दाब तयार न झाल्यानं बुडबुडे बंद होतात. हे करताना चाकांना दोन्हीकडून उटी हवीच. याउलट बुडबुडे चालूच राहिले तर ब्लॉक टेस्टर लावा. त्यातलं निळं द्रव जळलेल्या गॅसच्या संपर्कात रंग बदलतं, डिझेलला हिरवट होतं. कॉम्प्रेसरच्या साध्या हवेनं ते निळंच राहतं. टेस्टरमध्ये कूलंट ओढलं जाऊ देऊ नका, निकाल फसतो.

बीएस-६ गाड्यांत पाणी गायब होण्याची आणखी एक वाट आहे, ईजीआर कूलर. धूर इंजिनात परत पाठवण्यापूर्वी त्याला कूलंटनं गार केलं जातं. तो आतून फुटला तर बाहेर थेंब दिसत नाही, पाणी मात्र रोज कमी. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. हेड उतरवण्यापूर्वी हा कूलर सोडवून दाबाखाली तपासा.

सातवी पायरी: कूलिंग ठीक, मग उष्णताच जास्त?

कधीकधी कूलिंग सिस्टीम निर्दोष असते आणि इंजिनालाच नेहमीपेक्षा जास्त राबावं लागत असतं. गाडी चालवून आणल्यावर गननं सगळे ब्रेक ड्रम मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तो ब्रेक पकडतोय. क्लच घसरतोय का, एअर फिल्टर चोक आहे का, एक्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅप अर्धवट बंद राहतोय का, हे बघा. आणि वजनकाट्याची पावती मागा. ओव्हरलोड गाडीचा रोग रेडिएटरमध्ये शोधून सापडत नाही.

पाणी भरणं आणि चाचणी

कूलंट आणि डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी आधी बादलीत मिसळा, बहुतेक ठिकाणी निम्मं-निम्मं. मोठ्या ट्रकला वीस-तीस लिटर सहज लागतं. हीटरचा कॉक उघडा ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा आणि हळूहळू ओता. घाईनं ओतलं की हवा हेडमध्ये अडकते, आणि तुम्ही बरी केलेली गाडी दुसऱ्या दिवशी तापून परत येते. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, पातळी पुन्हा भरा.

गॅरेजच्या आवारात आयडलिंगवर ठेवून "ओके" म्हणू नका. रिकाम्या गाडीला आयडलिंगवर उष्णता तयार होते ती किती! चाचणी भरलेल्या गाडीवर, ज्या चढावर तक्रार होती त्याच चढावर घ्या. शक्य असेल तर स्वतः शेजारी बसून जा.

जाताना ड्रायव्हरला एवढं शिकवा. काटा चढायला लागला की एसी बंद, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर, कितीही घाम आला तरी. तो छोटा रेडिएटरच असतो. वरच्या गिअरमध्ये रेटू नका, एक गिअर खाली घ्या म्हणजे पंप आणि फॅन जोरात फिरतील आणि इंजिनावरचा भार हलका होईल. तरी उतरला नाही तर जागा बघून बाजूला घ्या. पाणी शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटं आयडलिंगला थोडं वर ठेवा. पाणी वाहून गेलेलं दिसलं तर मात्र त्याच क्षणी बंद. तापलेल्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. अर्धा-पाऊण तास थांबा.

पहिल्या फेरीनंतर सकाळी थंड इंजिनावर पातळी बघून मला फोन कर, असं मी प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो. अर्धा लिटर कमी झालं असेल तर बहुधा अडकलेली हवा निघालेली असते. दुसऱ्या फेरीनंतरही तेवढंच कमी झालं, तर गाडी परत तिसऱ्या पायरीवर.